नातीला ऊन दाखवण्याची मोहीम

व्हिटॅमिन डी या विषयावर बोलायला चिलीच्या पार दक्षिण टोकावरच्या आमच्या पुंता अरेनासमध्ये माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. गावात डॉक्टर आहेत, नाही असं नाही. पण त्यांचं ज्ञान पुस्तकी. माझं ज्ञान अंगावर बेतलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्यांच्या अंगावर!

सुरुवात झाली ती खाजेपासून.

माझी नात रायेन सहा वर्षांची आहे. तिची आई मिलेना, म्हणजे माझी मुलगी, बंदराच्या कचेरीत नोकरी करते. जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर असतो, पंधरा दिवस पाण्यात आणि पंधरा दिवस घरात. त्यामुळे एक वाजता शाळा सुटली की रायेन माझ्याकडे येते आणि आई सुटेपर्यंत राहते. बायको गेल्यापासून माझ्या दिवसाचे दोनच भाग उरलेत, एक वाजायच्या आधीचा आणि नंतरचा. आधीच्या भागात मी घड्याळ बघतो.

तर या रायेनच्या अंगावर चट्टे उठायला लागले. गुडघ्यांच्या मागे, कोपरांच्या खाचेत, मांड्यांवर, पाठीवर. लाल, खरखरीत, आणि खाज तर अशी, की फ्रॉकमध्ये मधमाशी शिरल्यासारखी पोरगी घरभर नाचायची. मिलेनाने महिनाभर नीट पाहिलं. शनिवार-रविवारी चट्टे बसायचे. सोमवारी माझ्याकडून परत गेली की पुन्हा उठायचे.

एका संध्याकाळी मिलेना कोटही न काढता दारातच उभी राहिली. मुलगी कोट काढत नाही तेव्हा बातमी वाईट असते.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण तिला ॲलर्जी आहे, आणि ती तुमच्या घरातल्या कशाची तरी आहे."

एवढं बोलून तिने ज्याच्याकडे पाहिलं तो चुलीपाशी झोपला होता. हा आमचा बोका. दिवसभर झोपतो, जेवणाच्या वेळी न चुकता हजर असतो आणि विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देत नाही, म्हणून त्याचं नाव सिनेटर.

मग सगळं कळलं. तीन आठवड्यांनी मुलांच्या डॉक्टर बारिएंतोस यांची वेळ मिळाली होती. त्याआधी रक्ताची तपासणी. तोपर्यंत चट्टे कमी झाले तर ठीक, नाहीतर रायेन दुपारी विहीणबाईंकडे जाणार. कायमची.

विहीणबाईंबद्दल मला वाईट बोलायचं नाही, त्यामुळे थोडक्यात सांगतो. एदुविनाबाई मूळच्या चिलोए बेटावरच्या. डाग पडायच्या आधीच पुसतात. घरात प्लास्टिकची फरशी, प्लास्टिकच्या खुर्च्या, पडदे नाहीत, गालिचा नाही. धूळ आणि नवरा दोघंही फार वर्षांपूर्वी ते घर सोडून गेले. भेटल्या की मला न चुकता विचारतात, "काय व्याही, झाडलंत का आज?"

दोन दिवस मी आणि सिनेटर एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळांखाली, एक बातमी दिसली. ज्या मुलांना खाज, दमा, शिंका असले ॲलर्जीचे त्रास असतात त्यांच्या रक्तात व्हिटॅमिन डी अनेकदा कमी सापडतं, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. आणि हे व्हिटॅमिन कातडी स्वतःच बनवते, उन्हात! पुढे 'मात्र' या शब्दाने सुरू होणारा एक परिच्छेद होता. तो मी वाचला नाही. आयुष्यभर मी 'मात्र'च्या अलीकडेच थांबत आलो आहे.

मी ताबडतोब मिलेनाला कचेरीत फोन लावला आणि निकाल सांगून टाकला. बोका निर्दोष आहे, घर निर्दोष आहे, गुन्हेगार ऊन आहे आणि तो फरार आहे. तिच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी तपासून घे, आणि बाकी माझ्यावर सोड. तीन आठवड्यांत पोरगी ठणठणीत करून दाखवतो. मिलेना "अहो बाबा, तिला मी रोज..." एवढं म्हणाली, पण तोपर्यंत उत्साहाच्या भरात मी फोन ठेवला होता.

माझी योजना दोन्ही बाजूंनी भक्कम होती. तपासणीत पातळी कमी निघाली तर माझं म्हणणं खरं. मी ती आधीच वाढवली तर खाज जाणार, म्हणजे पुन्हा माझंच खरं. दोन्ही एकाच रक्तात कसं सापडणार, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. चांगल्या योजनेत असले प्रश्न पडत नाहीत.

अडचण एकच होती. जून महिना.

आमच्याकडचा जूनमधला सूर्य म्हणजे निवृत्तीला आलेला कारकून. सकाळी दहाला उगवतो, साडेपाचच्या आत पसार होतो. मधल्या वेळात उत्तरेकडच्या घरांच्या छपरांवरून असा दबकत सरकतो, की कोणी पाहिलं तर काम सांगेल. वसंतात तो जरा अंग धरतो, तर तेव्हा आमच्या डोक्यावरचा ओझोन विरळ होतो, चौकातल्या उन्हाच्या इशाऱ्याच्या पाटीवर लाल रंग चढतो आणि शाळा मुलांना ऊन अडवणारं मलम केकवरच्या क्रीमसारखं फासून पाठवायला सांगते. म्हणजे ऊन हवं तेव्हा नसतं, आणि असतं तेव्हा सरकार हात लावू देत नाही.

पहिल्या दिवशी मी अंगणात खुर्ची मांडली. शून्याखाली दोन अंश होते. पोरीला गारठा लागू नये म्हणून आधी लोकरीची लांब विजार चढवली, तिच्यावर दुसरी, मग बंद गळ्याचा स्वेटर, बायकोच्या दोन शाली, कानटोपी, हातमोजे आणि वरून माझा पोंचो, म्हणजे मधोमध डोक्यापुरतं भोक असलेली घोंगडी. आमच्या मुलुखात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तेव्हा या बाबतीत टंचाई नाही. सगळं झाल्यावर मी मागे सरून पाहिलं. उन्हासाठी रायेनचं फक्त नाक शिल्लक राहिलं होतं!

तरी मी धीर सोडला नाही. खुर्ची फिरवून नाक उत्तरेला लावलं. अकरा मिनिटं ऊन आलं, मग ते समोरच्या धुराड्याच्या मागे गेलं. आम्ही खुर्ची उचलून तीन फूट डावीकडे गेलो. तिथे चार मिनिटं. मग पाण्याच्या टाकीची सावली. असं करत करत आम्ही फाटकापर्यंत पोचलो. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती.

"ताता," पोंचोच्या आतून आवाज आला (आजोबांना ती ताता म्हणते), "ॲलर्जी माझ्या नाकाला आहे का?"

मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत या मताचा मी आहे, पण लगेच द्यावीत असं कुठे आहे?

चौथ्या दिवशी वाऱ्याने कानटोपी नेली आणि मला दिसलं ते कुंपणापलीकडचं काचघर. काचघर म्हणायची आपली पद्धत, प्रत्यक्षात लाकडी सांगाड्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक. माझा शेजारी हेरिबेर्तो, जन्मभर जहाजावर आचारी होता, तो तिथे लेट्यूस पिकवतो. आमच्या गावात परसात असं काचघर नाही तो माणूस भाडेकरू समजावा. आत छोटी लोखंडी शेगडी, बाहेर बर्फ आणि आत हिरवीगार पानं! मी विचार केला, जिथे लेट्यूसला ऊन पुरतं तिथे नातीला का पुरू नये?

हेरिबेर्तोला मी नुसतं विचारलं की दुपारी आम्ही दोघं तुझ्या काचघरात बसलो तर चालेल का. तो म्हणाला बसा, फक्त शेगडीत लाकूड घालत जा आणि पानं तोडू नका.

त्या दिवसापासून मोहीम खरी सुरू झाली. फळांचं खोकं उलटं घातलं, घरातल्या खुर्च्यांवरची दोन मेंढीची कातडी आणून त्यावर अंथरली, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये रायेनला त्यावर पालथी झोपवली आणि शेगडी अशी पेटवली की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. ती झोपून चित्रं काढायची, मी वर्तमानपत्र वाचायचो. स्वर्ग!

आणि तिसऱ्या दिवशी चमत्कार दिसला. रायेनचे हात लाल झाले होते. मांड्या लाल, पोट लाल. मला ब्रह्मानंद झाला. ऊन लागलं होतं! सुट्टीत उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्यांवर जाऊन आलेली माणसं अशीच लाल होऊन येतात. मी लगेच वेळ अर्ध्या तासाने वाढवली आणि पोरीला आणखी मऊ वाटावं म्हणून तिसरं कातडं आणलं. ती खाजवायला लागली तेव्हा सांगितलं, व्हिटॅमिन आत शिरताना थोडं चुरचुरतंच. तिने विश्वास ठेवला आणि दात आवळून पडून राहिली. हे लिहिताना मला माझ्याच पाठीवर कुठेतरी खाज सुटली आहे, आणि ती सुटायलाच हवी.

रात्री मिलेनाचा फोन यायचा, चट्टे वाढलेत म्हणून. मी समजुतीच्या सुरात सांगायचो की बरं होण्याआधी थोडं वाढतं. सुरात काही कमी नव्हतं.

मग एके दिवशी हेरिबेर्तो काचघरात डोकावला, आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्याने विचारलं की नेमकं चाललंय काय. मी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, जहाजावरच्या डॉक्टरने त्याला बजावलं होतं, काचेआड वर्षभर बसलास तरी उपयोग नाही, काच किंवा असलं जाड प्लास्टिक उन्हातलं तेवढंच नेमकं बाहेर अडवतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तू विचारलंस कुठे? मला वाटलं, म्हातारा थंडीला भ्यालाय."

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. मी मात्र हिशोब केला की अडथळा प्लास्टिकचा असेल तर प्लास्टिक काढावं. सगळं नाही. रायेन झोपते त्याच्या बरोबर वर, टॉवेलाएवढं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात मसुराचं सूप पीत होती तेवढ्यात मी शिडी लावली.

आमच्या वाऱ्याबद्दल मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ज्या गावात वादळी दिवशी माणसांना धरायला रस्त्यात दोर बांधतात, त्या गावात मी एकाहत्तर वर्षं दोर धरत आलो आहे. पण टॉवेलाएवढं भोक ते काय! मी चार खिळे काढले. वारा आत आला. त्याने एकदा आत चहूकडे पाहिलं, आणि जाताना छप्पर घेऊन गेला.

एक टोक माझ्या हातात होतं. तेही मी शहाणपणाने सोडलं. प्लास्टिकचा तो अवाढव्य तुकडा शिडासारखा फुगला, कुंपणावरून गेला, रस्ता ओलांडला, आणि पलीकडून हातात बटाट्याच्या भाकऱ्यांचं ताट घेऊन नातीला बघायला येणाऱ्या एका बाईंना त्याने नखशिखान्त गुंडाळलं.

प्लास्टिक पारदर्शक होतं. त्यामुळे विहीणबाईंचा चेहरा मला अगदी स्पष्ट दिसत होता.

त्यांना सोडवायला मला आणि हेरिबेर्तोला दहा मिनिटं लागली. हातातलं ताट त्यांनी शेवटपर्यंत वाकडं होऊ दिलं नव्हतं, हे मला मान्य केलं पाहिजे. सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, रायेनची बाही वर केली आणि विचारलं.

"व्याही, हे काय?"

"ऊन लागलंय," मी म्हणालो.

"जूनमध्ये?"

हा एकच शब्द, पण गेल्या दोन आठवड्यांत मला कोणी विचारला नव्हता. त्यांनी मिलेनाला फोन केला. अर्ध्या तासात मिलेना आली. या वेळीही कोट काढला नाही. रायेनला उचललं, तिचं दप्तर उचललं. मी काहीतरी समजावायला पुढे झालो तर म्हणाली, "बाबा, आता नको. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. तोपर्यंत ती आत्याबाईंकडे राहील." सासूला ती आत्याबाई म्हणते.

पुढचे पाच दिवस माझा दिवस एकाच भागाचा होता. एक वाजला की सिनेटर दाराशी जाऊन बसायचा. मी त्याला सांगायचो, येणार नाही ती. तो उत्तर द्यायचा नाही. हेरिबेर्तोचं छप्पर पुन्हा बसवून देत होतो तेवढाच काय तो विरंगुळा, आणि गोठलेले लेट्यूस बघून तो माझ्याशी बोलत नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून मिलेनाचा फोन आला. रायेन रक्त द्यायला तयार नव्हती. टेबलाखाली शिरून बसली होती आणि एकच म्हणत होती, आधी ताता.

मी स्वेटर उलटा घालून पोचलो. टेबलाखाली वाकून तिला सांगितलं, यात काही नसतं, मुंगी चावल्यासारखं, बघ तुझा ताता कसा हसत हसत देतो ते. तिथल्या बाईंनी विचारलं, काय तपासायचं लिहू? मिलेनाने डॉक्टरांना फोन लावला. त्या हसल्या असाव्यात. जे नातीचं तेच आजोबांचं लिहा, म्हणाल्या. मी बाही वर केली आणि सुई पाहिली.

पुढचं मला दिसलं ते छत. माझा हात कोणीतरी धरला होता.

"ताता, झालं," रायेन सांगत होती. "श्वास घे. आता माझी पाळी."

तिने मुकाट्याने रक्त दिलं. माझ्या शेजारची खुर्ची तिला हवी होती, म्हणून मला थोडं सरकवण्यात आलं.

डॉक्टरांकडे आम्ही चौघं गेलो. मिलेना, रायेन, मी, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला विहीणबाई. डॉ. बारिएंतोस बुटक्या, शांत बाई. त्यांनी आधी रायेनला तपासलं. मग कागद पाहून म्हणाल्या की मांजराची ॲलर्जी या मुलीला अजिबात नाही. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चट्टे कुठे कुठे उठतात ते डॉक्टरांनी पुन्हा बोट ठेवून पाहिलं, आणि मला विचारलं की ही तुमच्याकडे बसते कशावर.

मी म्हटलं, खुर्चीवर.

खुर्चीवर काय असतं?

"काही नाही. नुसतं मेंढीचं कातडं."

"नुसतं?"

आता खरं सांगा, आमच्या मुलुखात खुर्ची म्हटली की तिच्यावर मेंढीचं कातडं असतंच. भिंतीला रंग असतो तसं. भिंतीला काय आहे असं विचारलं तर कोण सांगतं? पण मिलेना डोळे मिटून बसली. आणि विहीणबाई, ज्यांच्या घरात प्लास्टिकशिवाय काही नाही, त्यांनी हळूच डॉक्टरांच्या खुर्चीकडे बोट केलं. तिच्यावरही एक पांढरंशुभ्र कातडं होतं! डॉक्टर त्यावरच बसल्या होत्या.

त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, माझ्या कातडीला ते चालतं, हिच्या नाही. काही मुलांची कातडी मुळातच कोरडी आणि नाजूक असते. लोकर टोचली की ती पेटून उठते, आणि वर शेगडीची धग नि घाम असेल तर बघायलाच नको. काचघरातल्या तीन कातड्यांचा उल्लेख करायची ही योग्य वेळ नाही असं मी ठरवलं. विहीणबाईंनी मात्र उल्लेख केला.

मग मी घसा साफ करून व्हिटॅमिन डीचं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की रायेनचं उत्तम आहे. मिलेना तिला तान्ही असल्यापासून रोज सकाळी दुधातून थेंब देते. इतक्या दक्षिणेला हिवाळ्यात मूल अंगण सोडून चौकात उघडं उभं केलं तरी कातडी ते बनवू शकत नाही, ऊन तेवढं पोचतच नाही. आणि ॲलर्जीशी त्याचं नातं? काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही. कमी व्हिटॅमिनमुळे ॲलर्जी होते, की आजारी मुलं घरात बसतात म्हणून ते कमी होतं, हे अजून कोणाला नक्की माहीत नाही. त्या बोलत होत्या तो बहुधा 'मात्र'च्या पुढचा परिच्छेद होता.

आता मुद्दा उरला दुपारचा. मी म्हटलं, कातडी आजच काढतो, सगळ्या खुर्च्या उघड्या करतो, तिला परत येऊ दे.

"कातडी काढतील हो," विहीणबाई म्हणाल्या, "पण घरात माणूस तोच राहणार ना?"

मिलेना खरंच विचार करत होती, आणि मला तिचा चेहरा बघवेना. मी रायेनकडे पाहिलं. ती माझा हात धरून माझी बोटं मोजत होती.

तेवढ्यात डॉक्टरांनी फाइलमधून दुसरा कागद काढला. नाव वाचलं, आकडा वाचला, पुन्हा नाव वाचलं. आणि विचारलं की हे द्रागो म्हणजे कोण, खाणीत वगैरे काम करतात का.

मी म्हणालो, मीच. दोन आठवडे उन्हातच होतो.

"अहो, इतकं कमी मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला रोज थेंब घ्यावे लागतील. आणि आठवणीने. एकटे राहता का?"

मिलेनाने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी मिलेनाकडे पाहिलं. गेल्या आठ वर्षांत त्या दोघींचं कुठल्याही बाबतीत इतकं पटकन एकमत झालेलं मी बघितलं नव्हतं.

"मग रायेन रोज दुपारी बाबांकडेच जाईल," मिलेना म्हणाली. "कोणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"हे मात्र पटलं," विहीणबाई म्हणाल्या. "त्यांना एकटं सोडणं बरं नव्हे."

तर आता असं आहे. घरातल्या खुर्च्या उघड्या लाकडी आहेत, बसलं की हाडं वाजतात. चट्टे गेले. रोज एक वाजता रायेन येते, हात धुते, मला समोर उभं करते आणि तोंड उघडायला लावते. बाटली मी धरायची, थेंब तिने मोजायचे. मोजताना चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, तोवर तोंड उघडंच. गिळलं का ते जीभ बाहेर काढून दाखवावं लागतं. मग तिच्या परवानगीने मला जेवण मिळतं. विहीणबाईंनी फोनवरून हे सगळं ऐकून समाधान व्यक्त केलं आहे.

मागच्या शुक्रवारी शाळेतून तिची चित्रांची वही घरी आली. घरी सांभाळता त्या प्राण्याचं चित्र काढा आणि त्याची काळजी कशी घेता ते सांगा, असा गृहपाठ होता. बाकीच्या मुलांनी म्हणे कुत्री काढली, ससे काढले, एकाने कोंबडी. मी सिनेटरला शोधत पान उलटलं. सिनेटर कुठेच नव्हता. पानभर मी होतो, तोंड उघडं टाकून उभा.

खाली बाईंचा शेरा आहे. चित्र छान, काळजी उत्तम. प्राण्याचं नाव लिहायचं राहिलं.